अर्थशास्त्रात पुढे शिकायचंय? अर्ज वाचणारा काय शोधतो ते आधी समजून घ्या

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी इथल्या कॉलेजांतून दरवर्षी कितीतरी मुलं अर्थशास्त्र घेऊन बी.ए. होतात. बरीचशी बँकेच्या नाहीतर एमपीएससीच्या तयारीला लागतात, काही बी.एड.कडे वळतात. काहींना मात्र विषयच मनापासून आवडलेला असतो आणि तोच पुढे चांगल्या ठिकाणी शिकायचा असतो. अर्ज कसा करायचा असं विचारलं की त्यांना उत्तर मिळतं, "मार्क चांगले ठेव आणि फॉर्म वेळेत भर." हे चूक नाही, पण एवढ्यावर भागत नाही. ज्या मुलांच्या घरात किंवा नात्यात कुणी या वाटेने गेलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

अर्ज वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. परदेशातल्या नावाजलेल्या विभागात मोजक्या जागांसाठी शेकडो अर्ज येतात. वाचणारे प्राध्यापक आपलं शिकवणं आणि संशोधन सांभाळून ते वाचत असतात, त्यामुळे एकेका अर्जाच्या वाट्याला फार वेळ येत नाही. तेवढ्यात त्यांना दोन गोष्टींचा अंदाज घ्यायचा असतो. ही मुलगी पहिल्या वर्षाच्या गणितात टिकेल का? आणि हिला स्वतःचा प्रश्न पडतो का, पडला तर तो धसाला लावायची चिकाटी आहे का? गुणपत्रिका, शिफारसपत्रं, एसओपी (स्वतःच्या अभ्यासाची दिशा सांगणारं निवेदन), जीआरई या प्रवेश परीक्षेचे गुण हे सगळं या दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठीच मागवलेलं असतं. एखादा कागद यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नसेल, तर तो जोडून अर्ज फक्त जाड होतो. वक्तृत्व स्पर्धेची प्रशस्तिपत्रं, एनएसएसच्या शिबिराचे दाखले, सात दिवसांच्या वर्कशॉपची सर्टिफिकेटं या वर्गातली. ती मिळवली याचा आनंद जरूर असावा, पण अर्जाचा भार त्यांच्यावर टाकू नये.

भारतातली वाट, परदेशातली वाट

भारतात एम.ए. किंवा एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी प्रवेश परीक्षाच निकाल लावते. दिल्ली विद्यापीठाची दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जेएनयू यांच्यासाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात ७५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलं की १ कापला जातो. भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे आयएसआयमध्ये, क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याची परीक्षा वेगळी असते, एक पेपर गणिताचा आणि एक अर्थशास्त्राचा. तिथे शिकवणी फी नाही, उलट विद्यार्थ्यालाच दरमहा विद्यावेतन मिळतं. ही एवढी मोठी गोष्ट कोकणातल्या फार थोड्या घरांना ठाऊक आहे. आयआयटीतल्या काही अभ्यासक्रमांसाठी जॅम ही परीक्षा आहे आणि २०२१ पासून तिच्यात अर्थशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो. घराजवळचं बघायचं तर गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, पुण्याला १९३० पासूनची गोखले संस्था आहे, कलिनाला मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आहे आणि सावंतवाडी-कुडाळच्या मुलांना गोवा विद्यापीठ तर मुंबईपेक्षा जवळ पडतं.

या परीक्षा एकाच महिन्यात येत नाहीत. जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. सीयूईटी-पीजी मार्चच्या सुमाराला असते, आयएसआयची मे महिन्यात. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर बघू असं म्हणणाऱ्याच्या हातून यातल्या बहुतेक संधी निघून गेलेल्या असतात. कुठली संस्था स्वतःची परीक्षा घेते आणि कुठली सामायिक, हे अधूनमधून बदलतं. म्हणून सीनिअरने सांगितलं त्यावर विसंबू नका, दरवर्षी संस्थेची वेबसाइट उघडून खात्री करा.

परदेशातल्या अर्जात एक परीक्षा निर्णायक नसते, सगळा अर्ज मिळून चित्र उभं राहतं. मी पुढे बरंचसं त्याबद्दल लिहिणार आहे. पण भारतातच शिकायचं असेल तरी गणित आणि संशोधनाबद्दलचा भाग वगळू नका. आज एम.ए.ला गेलेली मुलगी दोन वर्षांनी पीएच.डी.चा अर्ज भरते तेव्हा ह्याच गोष्टी तिच्यापुढे येतात.

गणित: इथेच बहुतेकांचं अडतं

आपल्याकडे बी.ए.ला अर्थशास्त्र शब्दांत आणि आकृत्यांत शिकवतात. एम.ए.ला, आणि त्याहून जास्त पीएच.डी.ला, तोच विषय गणिताच्या भाषेत येतो. हा बदल नेमका कसा असतो ते एका उदाहरणावरून बघू.

समजा खिशात ५०० रुपये आहेत आणि बाजारात दोनच वस्तू आहेत, सुरमई आणि बांगडा. बी.ए.ला आपण बजेटची रेषा काढतो, तिला टेकणारा इन्डिफरन्स कर्व्ह काढतो आणि दोन्ही टेकतात तिथे ग्राहकाचा समतोल म्हणून खूण करतो. पुरे मार्क मिळतात. पुढच्या वर्गात पहिलाच प्रश्न वेगळा येतो. असा सर्वोत्तम बिंदू असतोच, हे कशावरून?

उत्तर गणितातल्या एका प्रमेयात आहे. संच बंदिस्त आणि परिबद्ध असेल आणि फलन संतत (कुठेही अचानक उडी न घेणारं) असेल, तर त्या फलनाला त्या संचावर कमाल किंमत असतेच. आपल्या ५०० रुपयांत सुरमई-बांगड्याच्या ज्या ज्या जोड्या बसतात त्यांचा मिळून एक त्रिकोण होतो. त्रिकोणाच्या कडा त्यातच धरलेल्या आहेत, म्हणून तो बंदिस्त. तो कुठेतरी संपतो, म्हणून परिबद्ध. ग्राहकाच्या समाधानाचं फलन संतत धरलं की सर्वोत्तम जोडी असणारच. आता बांगडा फुकट झाला असं समजा. कितीही घेतला तरी पैसे लागत नाहीत, म्हणजे त्रिकोणाची न संपणारी पट्टी झाली. जास्त बांगडा म्हणजे जास्त समाधान असं असेल, तर सर्वोत्तम जोडी उरतच नाही, कारण कुठलीही जोडी घ्या, तिच्याहून चांगली एक सापडतेच. पुस्तकात 'किमती शून्याहून जास्त आहेत असे समजा' अशी एक ओळ असते. आपण ती न वाचताच पुढे जातो, पण सगळ्या युक्तिवादाचा भार तिच्यावर असतो. अशा ओळी ओळखायला आणि त्यांचा उपयोग करायला जे शिकवतं, त्या गणिताला रिअल ॲनालिसिस म्हणतात. प्रवेश समित्या गुणपत्रिकेत हा विषय का शोधतात, ते यावरून लक्षात यावं. तो जमला म्हणजे नेमका विचार करणं जमलं, असा त्यांचा अनुभव असतो.

त्याच्याआधी अनेक चलांचं कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स पक्कं हवं. दहावीनंतर आर्ट्सला जाऊन गणित सोडलेल्यांनी इथे घाबरून लेख बंद करू नये, पण परिस्थिती नीट समजून घ्यावी. काही संस्था बारावीला गणित हवं अशी अटच घालतात, तिथे इलाज नाही. बाकी ठिकाणी भरपाई करता येते. तुमच्या कॉलेजात सायन्सची शाखा असेल, तर नव्या शैक्षणिक धोरणातल्या मायनर विषयाच्या तरतुदीतून गणित घेता येतं का, हे पहिल्याच वर्षी विचारा. टाइमटेबल जमत नाही असं उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. अगदीच नाही जमलं तर स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर गणिताचे कोर्स आहेत आणि एनपीटीईएलची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, त्यामुळे त्या प्रमाणपत्राला थोडं वजन आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने आपली व्याख्यानं मोफत ठेवली आहेत आणि गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्यानं आजवर जगभरच्या मुलांनी ऐकली आहेत.

फक्त व्हिडिओ बघून गणित येत नाही. वही-पेन घेऊन, उत्तर न बघता, एकेका उदाहरणावर तासन्‌तास बसावं लागतं. आयएसआयचे मागच्या वर्षांचे पेपर त्यांच्या वेबसाइटवर आहेत. त्या परीक्षेला बसायचं नसलं तरी ते सोडवा. आपण नेमके कुठे उभे आहोत हे त्यातून जितकं स्वच्छ कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. वेळ आणि पैसा दोन्ही थोडे असतील आणि जीआरईचा क्लास की रिअल ॲनालिसिसचा अभ्यास असा प्रश्न पडला, तर मी एका क्षणाचाही विचार न करता दुसरं निवडायला सांगेन.

प्रश्न आपल्या दाराशी आहेत

मोठ्या शहरांतल्या मुलांच्या तुलनेत आपल्याकडे काही नाही, असं कोकणातल्या मुलांना सारखं वाटतं. संशोधनाच्या बाबतीत ते खरं नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त स्त्रिया आहेत, कारण कमावते पुरुष मुंबईला. चाकरमान्यांच्या पैशावर चालणारी घरं, बंद पडलेल्या वाड्या, पटसंख्येअभावी अडचणीत आलेल्या शाळा, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत खलाशाच्या घरी येणारा पैसा, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यावर हापूसच्या पेटीला खरंच जास्त भाव मिळाला का... यातला प्रत्येक विषय जगभरचे अर्थशास्त्रज्ञ ज्या प्रश्नांवर काम करतात त्यांच्याशी थेट जोडलेला आहे.

अडचण पुढे येते. 'कोकणातील स्थलांतर: एक अभ्यास' हे प्रकल्पाचं नाव झालं, प्रश्न नाही झाला. ज्याचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'इतकं' असं येऊ शकतं तो प्रश्न. आणि अर्थशास्त्रात त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: हे त्याच्यामुळे झालं, की आणखी कशामुळे?

हे कसं करायचं ते एका घटनेवरून दाखवतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. राजापूर आणि त्याच्या दक्षिणेला तसा तडाखा बसला नाही. बागा गेल्यावर दापोलीतली माणसं मजुरीकडे वळली का? रोजगार हमीच्या कामांची तालुका आणि ग्रामपंचायतनिहाय आकडेवारी सरकारी संकेतस्थळावर आहे. समजा वादळाआधी दापोलीत कामाचे १०० दिवस होते ते नंतर १६० झाले, म्हणजे ६० वाढले. हा सगळा वादळाचा परिणाम म्हणायचा का? राजापुरातही ते १०० चे १३० झाले असतील, तर वादळ नसतानाही ३० वाढले असते असं धरावं लागेल, आणि वादळाचा परिणाम उरतो ३०. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.) फरकातला फरक काढायची ही पद्धत अर्थशास्त्रात 'डिफरन्स इन डिफरन्सेस' म्हणून सर्रास वापरतात.

खरी परीक्षा यानंतरची आहे. वादळ आलं तेव्हा लॉकडाऊन चालू होता आणि चाकरमानी गावी परतलेले होते. ते दापोलीत आणि राजापुरात सारख्याच प्रमाणात परतले का? तसं नसेल तर आपण वादळाचा म्हणून जो परिणाम मोजतोय तो परतलेल्या माणसांचा असू शकतो. वादळाआधीच्या तीन-चार वर्षांत दोन्ही तालुक्यांचे आकडे एकाच चालीने वर-खाली होत होते का? तसं नसेल तर राजापूर तुलनेला चालणारच नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं आणि त्याने दक्षिणेकडच्या किनाऱ्यालाही झोडपलं, म्हणून आकडेवारी त्याच्या आधीच थांबवावी लागेल. शिवाय महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड होते. दापोलीत दिवस वाढलेले दिसले तर ती मजुरीसाठीची वणवण, की पडलेल्या बागांच्या जागी नवी लागवड? हा शेवटचा प्रश्न बॉस्टनमध्ये बसलेल्या संशोधकाला सहज सुचणार नाही, पण दापोलीच्या मुलीला तो सुचतो. तिचा अर्ज इथेच शंभरात उठून दिसतो.

असा पंधरा-वीस पानांचा एक निबंध तुमच्या हातात हवा. बऱ्याच विद्यापीठांत लेखनाचा नमुना मागतात, तिथे तो चालतो. नसेल मागितला तरी एसओपी आणि शिफारसपत्र दोन्हींना त्याचाच आधार मिळतो. आकडेवारीला पैसे लागत नाहीत. जनगणना, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, बाजारसमित्यांचे रोजचे भाव देणारं ॲगमार्कनेट हे सगळं खुलं आहे. 'आर' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. एक्सेलवर अडकून राहू नका.

शिफारसपत्र

परदेशी पीएच.डी.साठी बहुधा तीन शिफारसपत्रं लागतात. आपल्याकडच्या मुलांचे अर्ज सगळ्यात जास्त इथेच लंगडे पडतात, आणि दोष मुलांचा नसतो. कॉलेजात साधारण असं घडतं:

"सर, मला लेटर हवं होतं."

"अरे वा! तूच लिहून आण, मी सही करतो."

सर प्रेमानेच म्हणतात, त्यांच्यामागे पेपर तपासणी, नॅक, परीक्षा विभाग असं सगळं लागलेलं असतं. पण विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं पत्र हा अप्रामाणिकपणा आहे आणि ते कळूनही येतं. तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी येते, 'मेहनती, नम्र, वक्तशीर' हे शब्द तिन्हींत सापडतात आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. सरांना एक कागद नेऊन द्या. त्यावर कुठला विषय त्यांच्याकडे कुठल्या वर्षी शिकलात, कुठला प्रकल्प केलात, त्यात कुठे अडलात आणि कसे सुटलात, कुठल्या विद्यापीठाची शेवटची तारीख काय, एवढं लिहा. सोबत तो निबंध आणि गुणपत्रिका जोडा. पत्र त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू दे. "वर्गात पहिली आली" यापेक्षा "राजापूर तुलनेला घेणं चुकीचं ठरेल अशी शंका तिने स्वतःहून काढली, आठवडाभराने ग्रामपंचायतनिहाय आकडे मांडून आणले आणि माझं म्हणणं खोडून काढलं" या वाक्याला कितीतरी जास्त किंमत आहे. असं लिहिता यायला सरांनी ते बघितलेलं असावं लागतं. म्हणून शिफारसपत्राची तयारी दुसऱ्या वर्षीच सुरू होते, सरांच्या केबिनचं दार वाजवून शंका विचारण्यापासून.

लिहिणारा कोण, यालाही वजन असतं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी शिकवलं. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. सेलिग्मन यांनी लंडनचे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं. ज्याने काम जवळून पाहिलं आहे आणि ज्याचा शब्द वाचणारा मानतो, अशा माणसाचं पत्र म्हणजे काय, ते इथे दिसतं. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली.

तुमच्या कॉलेजातल्या मॅडमना परदेशातली समिती ओळखत नसेल, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे मधला टप्पा. चांगल्या ठिकाणी एम.ए. करा, किंवा ज्यांचं काम बाहेर माहीत आहे अशा संशोधकाकडे एक-दोन वर्षं संशोधन साहाय्यक म्हणून राहा. याला हल्ली प्रीडॉक म्हणतात आणि मोठ्या विद्यापीठांत प्रवेश मिळवणाऱ्या बऱ्याच जणांनी ते केलेलं असतं. भारतात जे-पॅलसारख्या संस्था गावोगाव पाहण्या करतात, त्यांना असे साहाय्यक लागतात. घरोघर जाऊन मराठीत नीट प्रश्न विचारता येणं, समोरचा बोलता होईपर्यंत थांबता येणं, ही तिथे कामाची गोष्ट आहे. बायोडेटात ती संकोच न करता लिहा.

एसओपी

एसओपी म्हणजे एक-दोन पानांत स्वतःच्या अभ्यासाची दिशा सांगणं. बहुतेकांची सुरुवात अशी होते: "लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड आहे. आजूबाजूची गरिबी पाहून माझं मन अस्वस्थ होई. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकणं हे माझं स्वप्न आहे." भावना खरी असेल, पण हे वाक्य कुणीही, कुठल्याही विद्यापीठाला पाठवू शकतो.

आता हे वाचा: "शेवटच्या वर्षी मी दापोली आणि राजापूर तालुक्यांतल्या रोजगार हमीच्या कामांची आकडेवारी जुळवली. चक्रीवादळाचा परिणाम आणि गावी परतलेल्या कामगारांचा परिणाम मला एकमेकांपासून वेगळे करता आले नाहीत. त्यासाठी लागणाऱ्या पद्धती मला शिकायच्या आहेत. आपल्या विभागात नैसर्गिक आपत्ती आणि स्थलांतर यांवर काम चालतं, म्हणून मी इथे अर्ज करते आहे." यात कुठेही मोठा शब्द नाही. काय केलं, कुठे अडलं, पुढे काय हवं आणि इथेच का, एवढंच आहे. शेवटच्या वाक्यासाठी मात्र घरचा अभ्यास लागतो. त्या विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांचे अलीकडचे पेपर उघडून, निदान प्रस्तावना तरी वाचून मगच त्यांची नावं घ्यावीत.

गुणपत्रिकेत एखादी केटी असेल, वडिलांच्या आजारपणात एक सेमिस्टर वाया गेलं असेल, तर दोन वाक्यांत सरळ सांगा आणि पुढे चला. अख्खी एसओपी त्या दुःखाला देऊ नका.

कागदपत्रं आणि परीक्षा

जीआरईचा क्वांट, म्हणजे गणिताचा, भाग आपल्या दहावीच्या गणिताच्या आसपासचा आहे. गुण १३० ते १७० या पट्ट्यात मिळतात आणि अर्थशास्त्राच्या चांगल्या पीएच.डी.साठी क्वांटमध्ये १६५ च्या वर असावेत. तेवढे मिळाले की त्याच्यामागे आणखी धावू नका. गुण पाच वर्षं चालतात. इंग्रजीच्या टोफेल-आयईएलटीएसचे दोनच वर्षं, म्हणून ती परीक्षा उशिरा द्या. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. साधी, बरोबर वाक्यं लिहिता आली की अर्जापुरतं भागतं.

ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या विद्यापीठाकडून मिळणाऱ्या अधिकृत उताऱ्याला, वेळ लागतो, तीन महिने आधी अर्ज टाका. आणि नाव तपासा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी असतं, पासपोर्टवर वेगळा क्रम, आधारवर तिसराच. सगळीकडे एकच स्पेलिंग आहे ना हे आत्ताच बघा, ऐन वेळी रत्नागिरी-मुंबई फेऱ्या घालण्यात अर्थ नाही. शिफारसपत्र देणाऱ्या सरांचा कॉलेजच्या डोमेनचा ईमेल असेल तर तोच द्यावा.

पैसा

हे घरच्यांना वाचून दाखवा. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला बहुधा फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. त्या बदल्यात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम करायचं. पाच-सहा वर्षं असं चालतं. अमेरिकेतली मास्टर्स मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या पैशाने करावी लागते आणि खर्च प्रचंड असतो. 'परदेशात नंबर लागला' एवढ्या आनंदात कलमांची बाग गहाण टाकून कुठल्याही मास्टर्सला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आयएसआय किंवा दिल्लीत एम.ए. करून मग थेट पीएच.डी.ला जाणं बहुतेकांसाठी जास्त शहाणपणाचं आहे. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं आणि राहण्याचा खर्च असतोच.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. जागतिक क्रमवारी, उत्पन्न आणि वय यांच्या अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात वाचूनच विद्यापीठांची यादी करा. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एन्डोमेंट ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, ती फेडावी लागते. प्रत्येक अमेरिकन अर्जाला फी पडते, साधारण ७५ ते १२५ डॉलर. दहा अर्ज म्हणजे लाखाच्या घरात. घरची परिस्थिती नसेल तर फी-माफी मागता येते. बऱ्याच विभागांत तशी सोय असते, फक्त शेवटच्या तारखेच्या पुरेसं आधी लिहावं लागतं.

अर्ज गेल्यानंतर

अमेरिकन पीएच.डी.च्या शेवटच्या तारखा डिसेंबर ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येतात. वेळ तिकडची असते, म्हणून आपल्याकडची तारीख आणि तास आधीच मांडून ठेवा. नेटवर्कचा भरवसा नसलेल्या गावात असाल तर दोन दिवस आधीच अर्ज पाठवून मोकळे व्हा. उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ लागतात. विद्यावेतनासह जागा मिळाली तर बहुतेक अमेरिकन विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ देतात. त्याआधी कुणी घाई केली तर ही तारीख नम्रपणे आठवून द्यायला हरकत नाही. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर मार्चअखेर एक छोटा ईमेल करा. अजून इच्छा आहे, दरम्यान नवीन निकाल किंवा काम झालं असेल तर ते हे, एवढंच त्यात लिहा. आणि जिथे जायचं नाही हे ठरलं असेल तिथली जागा लगेच सोडा. प्रतीक्षा यादीत तुमच्यासारखंच कुणीतरी वाट बघत असतं.